गॅरंडला कोणती दारू मानवते, आणि पितळ का थकते

मराठी वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्तेत ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या आढळल्या’ हे वाक्य इतक्या वेळा येते की पुंगळी हा शब्द पंचनाम्यासाठीच जन्माला आला असावा, असे वाटू लागते. अमेरिकेत मात्र नेमबाजीच्या मैदानावर सराव आटोपला की चांगल्या हुद्द्यावरचे, कमरेचे दुखणे असलेले गृहस्थ गवतात वाकून याच पुंगळ्या वेचताना दिसतात. ओहायोत स्थायिक झालेला माझा मावसभाऊ त्यांपैकी एक आहे. वेचलेल्या पुंगळ्या घरी आणून, स्वच्छ करून, त्यांत नवी दारू आणि नवी गोळी भरून पुन्हा काडतूस तयार करणे हा तिथे हजारो लोकांचा छंद आहे. त्याला ते रीलोडिंग म्हणतात.

त्याच्या गॅरेजमधल्या फळीवर दारूच्या तीन बरण्या होत्या. दोघींवर ४८९५ हा एकच आकडा होता, पण त्या दोन वेगळ्या दारू आहेत आणि एकीचे माप दुसरीला चालत नाही, असे त्याने बजावले. तिसरी बरणी त्याने वेगळ्या खणात ठेवली होती. “ही माझ्या शिकारीच्या बोल्ट रायफलीला उत्तम आहे, पण गॅरंडच्या आसपास मी हिला फिरकू देत नाही,” तो म्हणाला. गॅरंड म्हणजे अमेरिकी लष्कराची जुनी, पुढचे काडतूस आपोआप भरून घेणारी रायफल; बोल्ट रायफलीत ते काम हाताने करावे लागते. काडतूस तेच, गोळी जवळपास तीच, नळीची लांबीही सारखीच. मग एका रायफलीला मानवणारी दारू दुसरीला का बाधावी? हा लेख त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगितलेली बरी. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची असतील तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे येथे मापांचे आकडे दिलेले नाहीत. त्यामागची यंत्रविद्या मात्र समजून घेण्यासारखी आहे.

काडतुसात असते काय

काडतुसाचे घटक चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी मध्यभागी बसवलेली ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, पुंगळीच्या पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आदळते, ठिणगी दारूत शिरते, दारूचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. या चारांपैकी एकदा वापरून शिल्लक राहते ती फक्त पुंगळी, आणि काडतुसातला सर्वांत महाग भाग बहुधा तीच असते. रीलोडिंगचे सारे अर्थशास्त्र एवढ्यावर उभे आहे.

या धंद्यात वजन ग्रेनमध्ये मोजतात. हे परके माप वाटते खरे, पण आपल्या सराफांना ते फार दूरचे नव्हते. इंग्रजी अमलात तोळा नेमका १८० ग्रेनचा ठरवला गेला होता, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त. गॅरंडसाठी मूळ लष्करी गोळी सुमारे दीडशे ग्रेनची होती आणि जाणकार १८० ग्रेनच्या वर जाऊ नका असे सांगतात. अनेक जण त्याच्याही बरेच अलीकडे थांबतात. तोळ्याच्या आत राहा, एवढे लक्षात ठेवले तरी चालेल. दारू तोलताना तर ग्रेनच्या दशांशापर्यंत काटेकोरपणा लागतो, आणि सोन्याच्या दुकानातल्या काट्याकडे गिऱ्हाईक पाहते तितक्याच संशयाने माझा भाऊ आपल्या काट्याकडे पाहतो.

दारू फुटत नाही, जळते

बंदुकीची दारू फुटते, हा आपला समज फटाक्यांवरून आलेला आहे. आजची धूरविरहित दारू मुळात नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे नत्राम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसासारख्या तंतूंची बनते. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये ती प्रथम यशस्वीपणे तयार केली. काही प्रकारांत तिच्या जोडीला नायट्रोग्लिसरीनही असते. उघड्यावर चिमूटभर पेटवली तर ती भुरकन जळून जाते, आवाजही करीत नाही. बंद जागेत मात्र दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो, आणि हे चक्र आवरण्यासाठीच कारखान्यात दाण्यांचा आकार ठरवतात व त्यांवर ज्वलन मंदावणारा लेप देतात.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे समजावायला नको. बंबात काटक्या, चिंध्या आणि नारळाची किशी घातली की भडका उडतो आणि क्षणात विझतो. जाड ओंडका घातला की उशिरा पेटतो, पण पाणी बराच वेळ तापत राहते. लाकडाचे वजन सारखे असले तरी उघड्या पृष्ठभागावर जळण्याचा वेग ठरतो. दारूचेही तेच आहे, आणि या वेगाला ज्वलनवेग म्हणतात. ‘वेगवान’ दारू म्हणजे काटक्या, ‘मंद’ दारू म्हणजे ओंडका. एक जोरकस आणि दुसरी कमजोर, असा या शब्दांचा अर्थ मुळीच नाही. मंद दारू योग्य जागी वापरली तर गोळीला उलट अधिक वेग देऊ शकते, कारण ती नळीभर ढकलत राहते.

दाण्यांचे दोन घाट नेहमी भेटतात. एक बारीक शेवयांचे तुकडे केल्यासारखा, दुसरा खसखशीसारखा गोल. खसखस मापातून झरझर पडते आणि दर वेळी माप सारखे येते. शेवयांचे तुकडे मापाच्या कडेत अडकतात, कधी कटकन तुटतात, आणि मग प्रत्येक माप काट्यावर तपासावे लागते. तरी गॅरंडवाले बहुतेक जण शेवयाच पसंत करतात. दारूचा घाट ही सोयीची बाब आहे; ज्वलनवेग ही रायफलीच्या प्रकृतीची.

रायफल स्वतःचे काम स्वतः करते तेव्हा

बोल्ट रायफलीत गोळी सुटल्यावर नेमबाज हाताने बोल्ट फिरवून मागे ओढतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, आणि बोल्ट पुढे लोटताना नवे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, शिरते. अर्धस्वयंचलित रायफलीत हे सारे रायफलच करते. नेमबाजाने प्रत्येक गोळीसाठी चाप तेवढा ओढायचा. त्यासाठी लागणारी शक्ती येते कुठून? त्याच दारूच्या वायूतून.

जॉन गॅरंड हा कॅनडातील क्वीबेकमध्ये जन्मलेला, अमेरिकी सरकारच्या स्प्रिंगफील्ड येथील शस्त्रशाळेत काम करणारा यंत्रज्ञ. त्याची एम-१ रायफल अमेरिकी लष्कराने १९३६ मध्ये स्वीकारली आणि दुसऱ्या महायुद्धात व कोरियात तीच लाखो सैनिकांच्या हाती होती. आठ काडतुसांची लोखंडी चिमटी वरून आत दाबायची. आठवी गोळी सुटली की ती रिकामी चिमटी ‘टिंग’ असा आवाज करीत हवेत उडते. या आवाजाचे अमेरिकेत एवढे कौतुक आहे की काही जण केवळ त्याच्यासाठी ही जुनी रायफल बाळगतात. तिच्या नळीच्या तोंडापासून सुमारे दीड इंच अलीकडे खालच्या बाजूला एक बारीक छिद्र आहे. गोळी त्या छिद्राच्या पुढे गेली की तिच्या मागचा वायू छिद्रातून खाली शिरतो, एका लांब दांड्याच्या टोकाला मागे रेटतो, दांडा बोल्टला फिरवून मोकळा करतो आणि मागे नेतो.

येथे जरा थांबून वेळेचा हिशेब करावासा वाटतो. गोळी त्या सुमारास सेकंदाला २,७०० फुटांच्या आसपास वेगाने धावत असते. छिद्र ओलांडल्यापासून नळीतून बाहेर पडेपर्यंत तिला लागतो सेकंदाचा सुमारे वीस हजारावा भाग. गोळी बाहेर पडली की नळी रिकामी होऊ लागते आणि दाब झपाट्याने उतरतो. म्हणजे संपूर्ण यंत्र हलवणारा धक्का त्या दांड्याला मिळतो तो एवढ्याशा खिडकीतून. त्या खिडकीत वायूचा दाब किती आहे, यावर दांडा हळू जातो, बेताने जातो की मागच्या भिंतीवर जाऊन आदळतो हे ठरते.

पण सर्वोच्च दाब सुरक्षित असला म्हणजे झाले ना?

हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि नवख्या माणसाची गफलत नेमकी येथेच होते. पुस्तकात प्रत्येक दारूपुढे सर्वोच्च दाब दिलेला असतो. गॅरंडच्या काडतुसाचा दाब चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या घरात जातो. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी पंधरा पौंडांच्या आसपास होते, त्यावरून अंदाज यावा. हा कळस गोळीने नळीत जेमतेम काही इंच अंतर कापले असतानाच येऊन जातो, आणि बोल्ट रायफलीच्या दृष्टीने विचारण्यासारखे तेवढेच असते. पुढे दाब कसा उतरतो याच्याशी तिला देणेघेणे नाही, कारण तिच्या नळीला छिद्रच नाही.

आता दोन दारू घ्या, दोघींचा कळस सारखाच. वेगवान दारू कळस गाठून लवकर ओसरते. मंद दारू कळसानंतरही जळत राहते, म्हणून नळीच्या तोंडाजवळ, नेमकी त्या छिद्रापाशी, तिचा दाब जास्त उरतो. चेंबरच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच सुरक्षित, पण दांड्याला बसणारा धक्का वेगळा. गॅरंडचा दांडा लांब आहे, मध्ये वाकडा आहे, आणि वारंवार जादा धक्के खाऊन तो आणखी वाकतो. चेंबर शाबूत राहते, रायफल फुटत नाही, फक्त दांडा वाकल्याने ती अडकू लागते आणि मालक महिनाभर कारण शोधत बसतो.

उपाय म्हणून काहींनी अतिमंद दारू सोडून अतिवेगवान घेतली तर? मग कळसच वाढण्याचा धोका येतो. म्हणून गॅरंडसाठी ज्वलनवेगाचा एक मधला पट्टा पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेला आहे, आणि ४८९५ त्याच्या मधोमध येते, कारण महायुद्धात हीच दारू या रायफलीच्या काडतुसांत भरली जात होती. युद्ध संपल्यावर सरकारजवळ तिचे ढीग उरले. ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थाने आपल्या विम्यावर कर्ज काढून ती उरलेली दारू घाऊक घेतली आणि छंदवाल्यांना स्वस्तात विकायला सुरुवात केली. अमेरिकेतील घरगुती रीलोडिंग बोकाळले त्यात या उरल्यासुरल्या मालाचा मोठा वाटा आहे. तो साठा संपल्यावर त्याच आकड्याची दारू नव्याने बनू लागली, दोन वेगळ्या नावांखाली. आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ या सख्ख्या बहिणी नव्हेत, चुलत बहिणी आहेत. भावाच्या फळीवरचे कोडे ते हेच. त्यांचे ज्वलनवेग जवळ असले तरी एक नाहीत, आणि आकडा सारखा दिसतो म्हणून एकीचे माप दुसरीला लावणारा माणूस पुस्तक न वाचता पानावरची सजावट वाचतो, असेच म्हणावे लागेल.

यावर आणखी एक तोड सांगितली जाते. छिद्रापुढच्या बुचाला स्क्रू बसवून जादा वायू बाहेर सोडता येतो. हे बूच चांगले काम करते, पण ते फक्त दांड्याचे रक्षण करते. चेंबरमधील दाबावर त्याचा काहीही परिणाम होत नाही, हे विसरून लोक त्याच्या भरवशावर वाटेल ते भरतात तेव्हा प्रश्न उभा राहतो.

व्हिएतनाममध्ये हेच घडले

दारूतला बदल एखाद्या रायफलीला किती महागात पडू शकतो, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकी लष्कराच्या एम-१६ या रायफलीचे. यूजीन स्टोनर याने ही रायफल रचली तेव्हा तिच्या काडतुसात शेवयांच्या घाटाची, आयएमआर जातीची दारू होती. लष्कराने गोळीचा ठरावीक वेग आणि दाबाची मर्यादा लेखी घातली. मूळ दारूने दोन्ही अटी मोठ्या उत्पादनात सातत्याने पाळणे अवघड जाऊ लागले, आणि १९६४ च्या सुमारास खसखशीच्या घाटाची डब्ल्यूसी ८४६ ही दारू मंजूर झाली. वेग मिळाला, सर्वोच्च दाबही कागदावर बसला. छिद्रापाशी मात्र दाब वाढला.

त्यामुळे झाले असे की, मिनिटाला साडेसातशे-आठशे गोळ्यांचा रायफलीचा वेग नऊशे ते हजारपर्यंत चढू लागला. यंत्रणा ठरल्यापेक्षा लवकर हलू लागली, पुंगळी चेंबरच्या भिंतीला अजून चिकटलेली असतानाच तिला ओढले जाऊ लागले, तिची कड फाटू लागली आणि पुंगळी आतच राहू लागली. या दारूत आम्ल मारण्यासाठी मिसळलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थरही वायूच्या वाटेत साचत होता. सारा दोष दारूच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, व्हिएतनामच्या दमट हवेत ते गंजत होते, आणि या रायफलीला सफाई लागत नाही अशा समजुतीपायी सैनिकांना सफाईची साधनेही पुरेशी दिलेली नव्हती. अडकलेली पुंगळी सळईने ठोकून काढण्याची पाळी त्यांच्यावर चकमकीच्या मध्यात येत होती. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड उपसमितीने चौकशी केली आणि दारू बदलण्याच्या निर्णयावर कडक ताशेरे ओढले. पुढे यंत्रणेचा वेग आवरणारा नवा बफर आला, चेंबरला क्रोम लागले, दारूतील कॅल्शियम कार्बोनेट कमी केले गेले.

या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटते ती ही बाब, की कागदावरच्या दोन्ही कसोट्यांना दारू उतरली होती. तिसरी कसोटी, छिद्रापाशी दाब किती, ही त्या कागदावर पुरेशा ठळकपणे नव्हतीच.

मग सगळ्यांत सुरक्षित म्हणजे थोडी कमी भरावी?

थोडी कमी, पुस्तकातल्या किमान मापापासून सुरुवात करून, हे बरोबरच आहे. तीच रीत आहे. पण त्याहून खाली जाण्यात शहाणपण नाही. वायू अपुरा पडला तर दांडा अर्ध्यावरून परततो, रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता नव्या काडतुसाच्या वाटेत अडकते. याहून वाईट म्हणजे दारू फारच कमी, किंवा विसरून अजिबात न भरलेली. तेव्हा एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीच्या मध्यावर जाऊन अडकते. एरवीसारखा धमाका न होता नुसता ‘फुस्स’ आवाज आला तर रायफल खाली ठेवून नळी तपासायची, हा नियम तिथे लहान मुलांनाही शिकवतात, कारण त्यामागून दुसरी गोळी सुटली तर नळीच फुगते किंवा फाटते.

पितळच का?

दाब अडवायचा तर पोलाद अधिक मजबूत, मग पुंगळी पितळेची कशाला? कारण पुंगळी दाब अडवीतच नाही. ते काम चेंबरच्या पोलादी भिंतीचे आहे. पुंगळीचे काम कुकरच्या रबरी रिंगचे आहे. दाब चढला की तिने फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटायचे, म्हणजे वायू मागे नेमबाजाच्या तोंडाकडे येत नाही. आणि दाब उतरला की किंचित आकसून भिंत सोडायची, म्हणजे ती बाहेर ओढता येते. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांचे पितळ हे फुगणे आणि आकसणे फार उत्तम करते. पोलादी पुंगळ्याही बनतात आणि चालतातही, पण त्या कमी आकसतात आणि पुन्हा भरायला सोयीच्या नसतात.

कुकरची उपमा येथे आणखी एक पाऊल पुढे जाते. वाफ जिरण्याआधी झाकण उघडायला गेले की ते उघडत नाही, आणि जबरदस्ती केली तर काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. अर्धस्वयंचलित रायफल दारूच्या चुकीच्या निवडीमुळे नेमकी हीच घाई करते. म्हणजे दारूची निवड आणि पितळेची निवड हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीतच. दाब किती वेळात उतरतो आणि पितळ किती वेळात भिंत सोडते, या दोन वेळा एकमेकींशी जुळाव्या लागतात.

पितळ ते पितळ, त्यात काय पाहायचे?

बाहेरून सगळ्या पुंगळ्या सारख्या दिसतात, कारण बाहेरचे माप ठरलेले आहे. आतले नाही. लष्करी पुंगळीची भिंत व्यापारी पुंगळीपेक्षा अनेकदा जाड असते, ७.६२ नाटो काडतुसांत हे विशेष जाणवते. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन डब्यांपैकी एकाचा पत्रा जाड असेल तर त्यात मावते कमी. पुंगळीत जागा कमी असली की तेवढ्याच दारूचा दाब जास्त चढतो. म्हणून शहाणा माणूस पुंगळ्या छापानुसार वेगळ्या करतो आणि पुंगळी बदलली की माप पुन्हा खालून चढवत आणतो.

हा छाप पुंगळीच्या बुडावर असतो. अमेरिकेत एलसी ही अक्षरे दिसली तर ती मिसुरीतील लेक सिटी या लष्करी कारखान्याची, आणि तिला छंदवाल्यांत मान आहे. आपल्याकडच्या छापांत केएफ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा, १८६९ पासूनचा कारखाना, आणि ओएफव्ही म्हणजे भुसावळजवळचा वरणगाव. आयुध निर्माणीच्या वसाहतींत वाढलेल्या वाचकांना ही अक्षरे ओळखीची असतील.

प्रायमरच्या जागेतही दोन पंथ आहेत, आणि त्यांचा इतिहास गमतीचा आहे. बॉक्सर हा इंग्रज अधिकारी. त्याच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र, त्यातून सळई घालून जुना प्रायमर सहज ढकलता येतो. बर्डन हा अमेरिकी. त्याच्या पद्धतीत दोन बारीक छिद्रे आणि मध्ये ऐरणीसारखा उंचवटा, त्यामुळे जुना प्रायमर काढणे म्हणजे डोकेदुखी. अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपातील अनेक लष्करांनी अमेरिकनाची. अमेरिकेत रीलोडिंग रुजले याचे एक साधे कारण या अदलाबदलीत आहे. शिवाय लष्करी पुंगळीत प्रायमर हलू नये म्हणून भोवतीची कड दाबलेली असते. ती आधी तासून काढावी लागते.

प्रायमरविषयी एक सावधगिरी केवळ या जातीच्या रायफलींसाठी आहे. गॅरंडमध्ये पिन मोकळी असते. बोल्ट धाडकन पुढे येऊन थांबतो, पण पिन आपल्या वेगाने थोडी पुढे सरकते आणि प्रायमरला टिचकी मारते. न उडवलेले काडतूस बाहेर काढून पाहिले तर ती बारीक खूण दिसते. प्रायमर नाजूक असला किंवा बुडाच्या पातळीच्या किंचित वर राहिला असला, तर चाप न ओढता गोळी सुटू शकते, आणि कधी बोल्ट पुरता बंद होण्याआधीच. म्हणून लष्करी जातीचे कठीण प्रायमर घेतात आणि प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवून पाहतात.

पितळ का थकते

पुण्यातल्या तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्यांना धातू थकतो म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. हातोडीचे ठोके खाऊन तांबे ताठर होते, आणखी ठोकले तर चिरते. म्हणून कारागीर ते मधूनमधून भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करून घेतो. पुंगळीची मान दर वेळी फुगते, साच्यात पुन्हा आवळली जाते, गोळी बसवताना पुन्हा ताणली जाते. चार-पाच फेऱ्यांत ती ताठरते आणि तिला उभी चीर जाते. उपाय तोच, तापवून मऊ करणे. फक्त मानच तापवायची. बुडाला उष्णता पोहोचली तर जिथे कणखरपणा हवा तिथेच पितळ मऊ पडते आणि मग पुंगळी भंगारातच टाकावी लागते.

खरी झीज मात्र मानेत होत नाही, ती बुडाच्या थोडी वर होते. गोळी सुटताना पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला चिकटून राहतो आणि बूड मागे रेटले जाते, त्यामुळे मधली भिंत ताणून पातळ होते. बोल्ट रायफलवाला पुंगळी आपल्या चेंबरच्या मापाशी जवळपास नेमकी जुळवून ठेवू शकतो, कारण त्याचा हात बोल्ट सावकाश लोटतो आणि थोडे घट्ट वाटले तर त्याला कळते. अर्धस्वयंचलित रायफलीच्या स्प्रिंगला असे काही कळत नाही. काडतूस अडले तर बोल्ट अर्धवट बंद राहण्याची भीती, म्हणून पुंगळी थोडी जास्त आवळून, थोडी सैल ठेवावी लागते. जितकी सैल तितकी दर वेळी जास्त ताणली जाणार. बोल्ट रायफलीत जी पुंगळी दहा-बारा वेळा सुखाने चालते, ती गॅरंडमध्ये चार-पाच वेळांतच बाद करावी असा अनुभवी लोकांचा सल्ला असतो तो यामुळे. त्यात ती बाहेर फेकली जाताना रायफलीवर आपटून पोचे पडतात आणि गवतात हरवते, हे निराळेच.

पितळेच्या एका दुखण्याचा शोध तर आपल्या पावसाळ्याने लावला, असे म्हणायला हरकत नाही. इंग्रजी अमलात हिंदुस्थानात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. गोळी न झाडताच पितळ फुटायचे, म्हणून हा ऋतूचा दोष मानून त्याला ‘मोसमी तडा’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव पडले. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि पुंगळी ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण यांची ही संगत आहे, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. आजही रीलोडिंग करणारे अमोनिया असलेले पॉलिश पुंगळ्यांना लावत नाहीत. ते अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात पुंगळ्या घोळवतात, किंवा सौम्य सायट्रिक आम्लाच्या पाण्यात धुतात. आपल्या आज्या तांब्या-पितळेला चिंच लावत त्याच जातीचा उपाय. हा भुसा हाताळल्यावर हात मात्र धुवावे लागतात, कारण प्रायमरमधले शिसे त्यात उतरलेले असते.

एवढी यातायात कशासाठी?

पैसा वाचतो हे उत्तर अर्धेच खरे आहे. वाचलेल्या पैशांत लोक अधिक गोळ्या उडवतात. गॅरंडवाल्यांचे कारण अधिक व्यावहारिक आहे. दुकानात मिळणारे त्याच मापाचे आजचे काडतूस बहुधा आधुनिक बोल्ट रायफल डोळ्यांसमोर ठेवून, जड गोळी आणि मंद दारू घालून भरलेले असते. नव्वद वर्षांपूर्वीच्या यंत्राला ते झेपत नाही. काही कंपन्या गॅरंडसाठी वेगळी काडतुसे विकतात, पण स्वतः भरणाऱ्याला माप आपल्या रायफलीच्या प्रकृतीला जुळवून घेता येते.

यावर कोणी विचारील की, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला आपला स्वप्नील कुसाळेही अशीच काडतुसे भरतो का? नाही, आणि भरू शकतही नाही. त्याच्या पन्नास मीटर प्रकारातील पॉइंट टू-टूच्या काडतुसात प्रायमर वेगळा नसतो. ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो आणि पिनेच्या ठोक्याने ती कड चेपते, म्हणून ती पुंगळी पुन्हा वापरण्याजोगी राहत नाही. त्या प्रकारातले नेमबाज वेगवेगळ्या घाण्यांची तयार काडतुसे आपल्या रायफलीत झाडून पाहतात आणि जो घाणा जुळेल त्याचा साठा करतात.

ओहायोतल्या त्या दुपारी भावाने कागदाला लावायची तारेची एक क्लिप सरळ केली, तिचे टोक काटकोनात वाकवले आणि एकेका पुंगळीच्या तोंडातून आत घालून बुडाजवळच्या भिंतीवरून वर ओढत नेले. बहुतेकींत टोक सरळ सरकले. सतरावी का अठरावी पुंगळी हाती घेतल्यावर ते आत कशात तरी अडकले. त्याने मला ती तार धरायला दिली. बाहेरून फक्त एक बारीक चकचकीत कडे दिसत होते, आत मात्र नखाला जाणवेल एवढी घळ होती. त्याने पक्कड घेतली, पुंगळीचे तोंड चेपून टाकले, म्हणजे चुकून पुन्हा हाती लागायला नको, आणि ती भंगाराच्या बादलीत टाकून पुढची उचलली.